हेन्री आयर्व्हिंगची पत्रं वाचायची तर

13 ऑक्टोबर 1905 च्या रात्री ब्रॅडफर्डला टेनिसनच्या 'बेकेट' नाटकाचा प्रयोग आटोपून व्हिक्टोरियन काळातला नामवंत इंग्लिश नट हेन्री आयर्व्हिंग मिडलंड हॉटेलवर आला आणि तिथल्या दालनातच कोसळला. काही वेळात सगळं संपलं. अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत गेल्या. कागद मात्र दाही दिशांना पांगले. काही मुलांकडे राहिले, काही त्याचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकरकडे, आणि त्याने लिहिलेली पत्रं अर्थातच ज्यांना लिहिली त्यांच्या घरी. पुढे लिलाव झाले, सह्या जमवणारे आले, विद्यापीठं आली, अमेरिकेतली ग्रंथालयं आली. 'आयर्व्हिंगचा खासगी पत्रव्यवहार' नावाची एक पेटी कुठल्याही कपाटात ठेवलेली नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

जूनमध्ये ऑनलाइन सूच्या चाळायला घेतल्या आणि छापण्याच्या परवानगीचा शेवटचा अर्ज पुढच्या मे महिन्यात गेला. मधली सगळी पावलं इथे क्रमाने मांडली आहेत. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते 1882 मध्ये. त्याच काळात लंडनच्या लायसियम थिएटरात आयर्व्हिंग शेक्सपिअर उभा करत होता. आपल्या शेक्सपिअरी नाटकांवर काम करणाऱ्याला त्यामुळे कधी ना कधी या कागदांपाशी जावंसं वाटतं. आयर्व्हिंगऐवजी लायसियममधली त्याची नायिका एलेन टेरी किंवा त्या काळातलं दुसरं कुणी घेतलंत तरी रस्ता जवळपास हाच आहे.

सुरुवात घरबसल्या. हेन्री आयर्व्हिंग फाउंडेशनने त्याच्या पत्रव्यवहाराची सूची ऑनलाइन ठेवली आहे. त्यात पत्र कुणाचं, कुणाला, कधीचं, थोडक्यात मजकूर काय आणि मूळ कागद कुठे, एवढं मिळतं. त्यानंतर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा 'डिस्कव्हरी' हा कॅटलॉग आणि विद्यापीठांच्या संग्रहांसाठी 'आर्काइव्ह्ज हब'. तिन्ही फुकट आहेत. शोधताना 'आयर्व्हिंग' एवढंच टाकलंत तर बुडालात. त्याचं जन्मनाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. रंगभूमीवर येण्याआधीचे आणि घरचे कागद त्या नावाने लागलेले असू शकतात. थोरला मुलगा हॅरी, म्हणजे हेन्री ब्रॉड्रिब आयर्व्हिंग, हाही नटच, तो 'एच. बी. आयर्व्हिंग' अशी सही करायचा. सूचीत '1908, हेन्री आयर्व्हिंग' असं दिसलं तर ते पत्र बापाचं असूच शकत नाही. धाकटा मुलगा लॉरेन्स, तो 1914 मध्ये 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' जहाजाच्या अपघातात गेला. आणि आजोबांचं मोठं चरित्र 1951 मध्ये लिहिणारा नातूही लॉरेन्सच. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर जन्म-मृत्यूचं साल लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जुन्या पुस्तकांतल्या तळटिपा वाचताना आणखी एक खड्डा लागतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात कागदांचा पत्ता 'थिएटर म्युझियम, कॉव्हेंट गार्डन' असा असतो. ते म्युझियम 2007 मध्ये बंद झालं. संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचाच होता. तो बरीच वर्षं पश्चिम लंडनमधल्या ब्लाइद हाउसमध्ये होता आणि आता पूर्वेला, क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कातल्या 'व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस'मध्ये आहे. ही इमारत 31 मे 2025 ला लोकांसाठी उघडली. एलेन टेरीचंही तसंच. तळटिपेत 'स्मॉलहाइद' दिसतं, म्हणजे केंट परगण्यातलं तिचं घर. तिने ते 1899 मध्ये घेतलं आणि तिच्या मृत्यूनंतर मुलगी एडिथ क्रेगने 1939 मध्ये नॅशनल ट्रस्टला दिलं. घर बघण्यासारखं आहेच, पण तिथल्या कागदांचा मोठा भाग ट्रस्टने ब्रिटिश लायब्ररीकडे ठेवायला दिला आहे. गाडी करून स्मॉलहाइदला जाण्याआधी एक ईमेल टाकलेली बरी.

स्टोकरकडचा गठ्ठा लीड्स विद्यापीठाच्या ब्रॉथर्टन ग्रंथालयात आहे. लायसियमची काही कात्रणं आणि कार्यक्रमपत्रिका स्ट्रॅटफर्डला, शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टच्या 'ब्रॅम स्टोकर संग्रहा'त आहेत. पर्सी फिट्झजेराल्ड नावाच्या चाहत्याने आयर्व्हिंगविषयी जमवलेल्या कागदांच्या वह्या गॅरिक क्लबमध्ये आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टनचं फोल्जर ग्रंथालय विसरू नका.

या सगळ्यातून हाती लागणाऱ्या नोंदी जुळवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते: बहुतेक पत्रं आयर्व्हिंगने लिहिलेली नाहीत, त्याला आलेली आहेत. नाटककार, चित्रकार, पाद्री, मंत्री, पास मागणारे, नोकरी मागणारे, स्वतःचं पद्यनाटक वाचून बघा म्हणणारे. त्याचा आवाज ऐकायचा तर पलीकडच्या लोकांचे संग्रह शोधावे लागतात, आणि त्यासाठी त्याला पत्र लिहिणाऱ्यांच्या नावांची यादी हीच किल्ली. एखाद्याने त्याला बरीच पत्रं लिहिली असतील तर त्याच्या कागदांत उत्तरं सापडण्याची शक्यता चांगली. हे उलटं शोधणं कंटाळवाणं आहे, पण खरा माल तिथेच मिळतो.

ऑगस्टमध्ये ईमेल सुरू केल्या. संग्रहपालाला 'आयर्व्हिंगवर अभ्यास करतोय, काय काय आहे?' असं विचारलंत तर वेबसाइटची लिंक उत्तरादाखल येते. त्यापेक्षा एका ईमेलमध्ये चार गोष्टी द्या: नेमके संदर्भ क्रमांक, काय तपासायचं आहे ते दोन ओळींत, कोणत्या तारखांना येऊ शकता, आणि फोटो काढू देता का. संदर्भ क्रमांक जसाच्या तसा, तिरप्या रेघांसकट लिहा. एक आकडा चुकला की भलतीच पेटी टेबलावर येते. उत्तराला दोन-तीन आठवडे धरून चला. ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्यांचा काळ असतो, तेव्हा सप्टेंबर उजाडला तरी हरकत नाही. पुन्हा विचारायचं झालं तर नवी ईमेल करू नका, त्याच धाग्यात लिहा. ब्रिटिश लायब्ररीच्या बाबतीत आणखी एक: ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या ऑनलाइन सेवा टप्प्याटप्प्याने परत येत गेल्या. म्हणून एखादं हस्तलिखित कॅटलॉगमध्ये दिसत नसलं तर ते नाहीच असं धरू नका, विचारा.

मोजकीच पत्रं हवी असतील तर प्रवासाची गरज नाही. संस्था स्कॅन करून पाठवतात, दर जिथले तिथे वेगळे. आधी कोटेशन मागवा, आणि 'अभ्यासासाठी' की 'छापण्यासाठी' हे त्यातच स्पष्ट करा, कारण दोन्हींचे दर निराळे असतात. पैसे कार्डाने भरावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केला नसेल तर पेमेंट अडकतं आणि विनंती रद्द होऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. दहा-बारा पत्रांच्या पुढे मात्र प्रत्यक्ष जाणंच परवडतं. कारण स्कॅनमध्ये सहसा पाकीट नसतं, कोरी मागची बाजू नसते, आणि कागदातलं जलचिन्ह तर नसतंच.

व्हिसावर फार शब्द खर्चत नाही. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी 9 एप्रिल 2025 पासून 127 पौंड झाली. अर्ज करताना चालू दर बघून घ्या. बोटांचे ठसे पुण्या-मुंबईच्या अर्ज केंद्रात द्यायचे, त्यानंतर साधारण तीन आठवडे. स्वतःच्या अभ्यासासाठी सामग्री गोळा करणं या व्हिसात बसतं. संग्रहालयांकडून आलेल्या वेळनिश्चितीच्या ईमेल छापून अर्जाला जोडा. 'फिरायला जातो आहे' असं मोघम लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आधी वेळ की आधी व्हिसा, हा घोळ सगळ्यांचा होतो. तात्पुरती वेळ घ्या, व्हिसा हाती आला की पक्की करा, आणि तोवर विमानाचं तिकीट काढू नका.

फेब्रुवारीत वाचनकक्ष. ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पास फुकट मिळतो. पासपोर्टबरोबर घरच्या पत्त्याचा एखादा कागदही जवळ ठेवा. व्ही अँड एच्या स्टोअरहाउससाठी आधीच वेळ घ्यावी लागते; वस्तू मागवायची तर निदान दोन आठवडे आधी. सगळीकडे नियम सारखेच: पेन नाही, फक्त पेन्सिल, बॅग आणि कोट लॉकरमध्ये, पाण्याची बाटली बाहेर. पांढरे हातमोजे सिनेमात. कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात चालतात, कारण मोज्यांमुळे बोटांना कडा कळत नाही आणि कागद फाटतो. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा. आतला क्रम चुकीचा आहे अशी खात्री असली तरी तो बदलायचा नाही, सेवकवर्गाला सांगायचं.

आता प्रत्यक्ष कागद. त्या काळचं खासगी पत्र बहुधा एकाच मोठ्या कागदाला मधोमध घडी घालून लिहिलेलं असतं, म्हणजे चार लहान पानं होतात. आपण पुस्तकासारखं 1, 2, 3, 4 वाचायला जातो आणि पान उलटताच वाक्य तुटतं. कारण लिहिणारा पहिल्या पानानंतर पुष्कळदा थेट तिसऱ्यावर किंवा मागच्या चौथ्यावर जातो. बाहेरची शाई वाळेपर्यंत घडी उलगडून, कागद आडवा धरून आतल्या दोन्ही पानांवर सलग लिहितो. जागा संपली की पहिल्या पानाच्या माथ्यावर, तारखेच्या वर, उलट्या दिशेने दोन ओळी येतात. शेवटचा निरोप आणि सही पहिल्याच पानावर सापडते ती अशी. वाचायला घेण्याआधी पेन्सिलने टिपणवहीत चार चौकटी काढा आणि लेखनाची दिशा बाणांनी दाखवा. सहीची जागा कात्रीने कापलेली दिसली तर दचकू नका. सह्या जमवणाऱ्यांनी ती नेली. आणि तिच्याबरोबर मागच्या बाजूचे चार-पाच शब्दही गेले. प्रतिलेखात ती तूट चौकटी कंसात दाखवायची, अंदाजाने भरायची नाही.

आयर्व्हिंगचं अक्षर भयंकर म्हणून त्याच्या हयातीतच प्रसिद्ध होतं. अक्षरं सुटी पडत नाहीत, शब्दाचा शेवट नुसती एक सरळ रेघ. मोडी वाचलेल्यांना हे नवीन नाही: अक्षराला अक्षर लावत बसायचं नाही, लेखकाचं वळण ओळखायचं. ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही ते आधी गोळा करा: 'लायसियम', 'थिएटर', वारांची नावं, 'माय डिअर', ज्याला पत्र लिहिलं त्याचं नाव. त्यांतून प्रत्येक अक्षराचे दोन-तीन नमुने वहीत उतरवून घ्या. 'वुड', 'शुड', 'कुड' हे शब्द सुरुवातीचं एखाद-दुसरं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधली गाळून लिहिलेले असतात, हे ठाऊक असलं की निम्मे अडलेले शब्द सुटतात. ट्रान्सक्रिबससारखं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर पहिला कच्चा मसुदा देतं, पण अशा हाताच्या पत्रांत ते नेमकं माणसांच्या आणि नाटकांच्या नावांत अडखळतं, म्हणजे आपल्याला जे हवं तिथेच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: हे अक्षर आयर्व्हिंगचं आहे का? लायसियमचा कारभार त्याने 1878 मध्ये हाती घेतला आणि त्याच साली स्टोकरला आणलं. 'ड्रॅक्युला'चा हा लेखक पुढची सत्तावीस वर्षं आयर्व्हिंगचा पत्रव्यवहार सांभाळत होता. आपण सुमारे पाच लाख पत्रं लिहिली असतील, असा स्टोकरचा स्वतःचा अंदाज. स्टोकरचं अक्षरही काही मोत्यांसारखं नाही. शिवाय एल. एफ. ऑस्टिन नावाचा चिटणीस होता, तो आयर्व्हिंगसाठी भाषणंही लिहायचा. स्टोकरशी त्याचं फारसं पटत नव्हतं. तेव्हा 'प्रिय महोदय, आपले आभार' असं गुळगुळीत, सुवाच्य पत्र मिळालं आणि खाली तेवढी सही खडबडीत असली, तर मजकूर चिटणिसाचा. त्या वाक्यांवरून नटाच्या स्वभावाचे निष्कर्ष काढणं म्हणजे साहेबांच्या पीएचं पत्र वाचून साहेबांवर प्रबंध लिहिणं. नोंदवहीत 'मजकुराचा हात' आणि 'सहीचा हात' असे दोन वेगळे रकाने ठेवा. खासगीपणाची खूण म्हणजे तोकडी, घाईची, बहुधा तारीख नसलेली चिठी. लंडनमध्ये टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जायचं. सकाळची चिठी दुपारी पोचायची आणि संध्याकाळी उत्तर यायचं. अशा वेळी साल कोण लिहील?

म्हणून तारीख लावणं हे या कामातलं सगळ्यात मोठं आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात मजेचं काम. पहिला आधार पत्ता. आयर्व्हिंग 1872 पासून 1899 पर्यंत 15ए ग्राफ्टन स्ट्रीटला राहिला, मग 17 स्ट्रॅटन स्ट्रीटला. कागदावर स्ट्रॅटन स्ट्रीट असेल तर पत्र शेवटच्या सहा वर्षांतलं. टेरी आधी लाँगरिज रोडला, नंतर 1880 च्या दशकाच्या शेवटापासून 22 बार्कस्टन गार्डन्सला. दुसरा आधार किताब: 'मिस्टर आयर्व्हिंग' की 'सर हेन्री'? किताब 1895 च्या मेमध्ये जाहीर झाला आणि 18 जुलैला विंडसरला प्रदान झाला, आणि तो मिळवणारा हा पहिलाच नट असल्यामुळे पत्र लिहिणारे ते विसरणं शक्य नव्हतं. तिसरा आधार दौरे. अमेरिकेचे आठ दौरे झाले, 1883–84 पासून 1903–04 पर्यंत. त्या महिन्यांत तो लंडनमध्ये नसणार. चौथा आधार संकटं: 18 फेब्रुवारी 1898 ला लायसियमच्या नेपथ्याचं गोदाम जळालं, त्याच वर्षीच्या शरदात ग्लासगोच्या मुक्कामी त्याला फुप्फुसाचं मोठं दुखणं झालं. आगीबद्दल हळहळ आणि तब्येतीची विचारपूस अशा दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आल्या तर ते त्या शरदातलं किंवा त्यानंतरचं.

एक उदाहरण सोडवून बघू. समजा, एखाद्या चिठीवर नुसतं 'मंगळवार, 5 जानेवारी' आहे. शतवार्षिक कॅलेंडर काढा. लायसियमचा कारभार आयर्व्हिंगच्या हाती असताना 5 जानेवारीला मंगळवार तीनदाच येतो: 1886, 1892 आणि 1897. पहिल्या साली 'फाउस्ट' नुकतं सुरू झालेलं, 19 डिसेंबर 1885 ला. दुसऱ्या साली तोच दिवस 'हेन्री द एट्थ'च्या पहिल्या प्रयोगाचा. तिसऱ्या साली आयर्व्हिंग अंथरुणावर, कारण 19 डिसेंबर 1896 ला 'रिचर्ड द थर्ड'च्या पहिल्या प्रयोगानंतर त्याच रात्री गुडघा दुखावला आणि ते नाटक फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत थांबलं. आता मजकूर बघा. 'आज रात्री सगळं नीट पार पडो' असं असेल तर 1892. 'जिना चढवत नाही' असं असेल तर 1897. यापैकी काहीच नसेल आणि चिठी टेरीच्या घरून असेल, तर पत्ता बघा: लाँगरिज रोड असेल तर 1886, बार्कस्टन गार्डन्स असेल तर उरलेल्या दोहोंपैकी एक. एवढं करूनही सुटलं नाही तर तीन सालं लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्या. जबरदस्तीने एकच साल चिकटवलंत तर पुढचे दहा लेखक ते तसंच उचलतात.

दोन सापळे यात आहेत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माणूस हाताच्या सवयीने गेलं साल लिहितो. वार जुळत नसेल तर सालावर संशय घ्या, वारावर नको. दुसरा, काळ्या काठाचा कागद. तो दुखवट्याचा, पण कुणाचा दुखवटा हे ठरवल्याशिवाय त्यावरून तारीख लावू नये. जानेवारी 1901 मध्ये राणी गेली तेव्हा अनेकांनी असा कागद वापरला, आणि घरचा दुखवटा तर कधीही असू शकतो. पाकीट असलं तर त्यावरचा शिक्का सोन्याच्या मोलाचा; मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्काही सापडतो. मात्र पाकीट त्याच पत्राचं आहे ना, हे घडीच्या मापावरून ताडून बघा. मागच्या मालकांनी पाकिटं बिनधास्त अदलाबदल केलेली असतात.

फोटो काढायची मुभा असेल तर प्रत्येक फोटोत संदर्भ क्रमांकाची चिठ्ठी दिसली पाहिजे. क्रम ठरवून टाका: पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू, मग चारही पानं, कोरी असली तरी. पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरून जलचिन्ह दिसतं का बघा आणि ते शब्दांत टिपून ठेवा. फाइलची नावं त्याच संध्याकाळी बदला. आठवड्यानंतर 'आयएमजी 4471' कुठल्या फोल्डरातलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. टेरीची पत्रं वाचताना अधोरेखनं मोजून टिपा. एक रेघ आणि तीन रेघा यांत तिच्या लेखी फरक आहे, आणि छापताना सगळ्यांना एकाच तिरप्या ठशात बसवलं की तिचा सूरच जातो.

लीड्सला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने सव्वादोन तास लागतात. तिकीट आगाऊ काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते ठरलेल्या गाडीचंच असतं. परतीची गाडी संध्याकाळी उशिराची घ्या. तिथे स्टोकरला आलेली नामवंतांची पत्रं आहेत. आयर्व्हिंगविषयी खासगी बोलणं त्याला लिहिलेल्या पत्रांपेक्षा त्याच्याबद्दल स्टोकरला लिहिलेल्या पत्रांत जास्त मोकळं असतं. लोकांना थेट साहेबांना न सांगता येणारं स्टोकरला सांगायचं असायचं. एक अपेक्षा मात्र घरीच ठेवून जा. आयर्व्हिंग आणि टेरी यांच्यात नेमकं काय होतं, याचा निकाल लावणारी पत्रं फार थोडी उरली आहेत, आणि जी आहेत ती चरित्रांतून येऊन गेली आहेत.

परत आल्यावर, मार्चपासून, हक्कांचं प्रकरण. इथे बहुतेकांची गल्लत होते. कागद ज्याच्याकडे आहे तो कागदाचा मालक. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. टेनिसनने आयर्व्हिंगला लिहिलेलं पत्र आयर्व्हिंगच्या पेटीत असलं तरी शब्द टेनिसनचे. 'लेखक 1905 मध्ये गेला, म्हणजे सगळं मोकळं' हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये लेखक 1969 च्या आधी वारला असेल आणि मजकूर 1 ऑगस्ट 1989 पर्यंत अप्रकाशित असेल, तर त्यावरचा हक्क 31 डिसेंबर 2039 पर्यंत चालू राहतो. शिवाय 2014 पासून तिथे उद्धृत करण्याची जी सवलत आहे ती लोकांसमोर आलेल्या मजकुरालाच लागू होते, अप्रकाशित पत्राला नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(पी) जास्त उदार आहे: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातलं किंवा संग्रहालयातलं अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेली असतील तर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या दृष्टीने उतरवता येतं. पण पुस्तक ब्रिटनमध्येही विकायचं किंवा तिथल्या नियतकालिकात लेख द्यायचा तर तिथला नियम लागतो. आधी छापून आलेलं असेल तर गोष्ट सोपी. नाटककार बर्नार्ड शॉ आणि टेरी यांची पत्रं 1931 मध्येच छापली गेली आणि शॉ 1950 मध्ये वारला. तिथला हक्क आता संपलेला आहे.

वारस शोधायला रेडिंग विद्यापीठ आणि टेक्सास विद्यापीठाचं हॅरी रॅन्सम सेंटर यांनी मिळून चालवलेली 'वॉच' ही नोंदवही आधी बघा. तिथे नाव नसेल तर ज्या संस्थेकडे कागद आहे तिला विचारा, मग मृत्युपत्रांच्या नोंदी. प्रत्येक टप्प्याची तारीख, कुणाला लिहिलं, काय उत्तर आलं किंवा आलंच नाही, हे तक्त्यात टिपत जा. वारस सापडलाच नाही तर हाच तक्ता कामी येतो. ब्रिटनचं बौद्धिक संपदा कार्यालय ऑक्टोबर 2014 पासून बेवारस कृतींसाठी परवाना देतं. एका कृतीची अर्ज फी 20 पौंड, एका अर्जात तीस कृतींपर्यंत मिळून 80 पौंड, म्हणून पत्रं एकेक करून न पाठवता गठ्ठ्याने पाठवा. बिगरव्यापारी वापराला परवाना शुल्क दर कृतीमागे 10 पेन्स आणि वर कर. परवाना फक्त ब्रिटनपुरता आणि जास्तीत जास्त सात वर्षांचा. अर्जात प्रत्येक पत्राला स्वतंत्र ओळ लागते: लेखक, कुणाला, तारीख किंवा अंदाजी तारीख, पहिले चार-पाच शब्द, संस्थेचा संदर्भ क्रमांक. पाकिटापासून फोटोंचा क्रम आणि सालांची प्रश्नचिन्हं नीट ठेवली असतील तर हे रकाने एका बैठकीत भरून होतात. नसतील तर पुन्हा लीड्सला ईमेल.